नोकरी सांभाळून नर्सिंगच्या पदवीचा अर्ज

मांजरसुंब्याच्या चौकात उभे राहिले की चारी दिशांची गाडी मिळते. उत्तरेला पालीचा घाट उतरून बीड, दक्षिणेला चौसाळ्यावरून धाराशिव आणि सोलापूर, पूर्वेला नेकनूर-केजवरून अंबाजोगाई, आणि पश्चिमेला लिंबागणेश-पाटोद्याची वाट. धुळे-सोलापूर महामार्गावरचे हे गाव. रात्री उशिरादेखील येथे चहा मिळतो, ढाब्यावर भाकरी मिळते, आणि रबडी खाण्यासाठी मुद्दाम गाडी थांबविणारे प्रवासी भेटतात. असे रस्त्यावरचे गाव असले म्हणजे पोरापोरींना काम लवकर लागते. कुणी ढाब्याच्या गल्ल्यावर बसतो, कुणी औषधाच्या दुकानात उभी राहते, कुणी रोज बीडला जाऊन-येऊन एखाद्या दवाखान्यात नोकरी करते. बारावी झालेली असते, घरात पैशाची निकड असते, काम समोर चालून येते. मग शिक्षण 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून बाजूला राहते, आणि ते पुढचे वर्ष पुढेच सरकत जाते.

मी मराठीचा प्राध्यापक. विज्ञानाच्या मुलामुलींना माझा विषय गुणांपुरता हवा असतो, आणि मीही त्याबद्दल रुसत नाही. त्यांच्यापैकीच एक मुलगी, बारावी होऊन दीडएक वर्ष झाल्यावर, दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी मला चौकात भेटली. बीडच्या एका दवाखान्यात ती केसपेपर काढण्याच्या खिडकीवर काम करीत होती. सकाळी नवाची गाडी, रात्री आठाला घरी. ती म्हणाली, "सर, मला नर्सिंगची डिग्री करायचीय. पण काम सोडावं तर घरचं भागत नाही. कामावर राहून फॉर्म कवा भरावा अन् अभ्यास कवा करावा? माय-अण्णा तर दसरा झाला की कारखान्याला जातेत. मला सांगणारं कोणी नाही बघा."

हा प्रश्न त्या एकटीचा नाही. आपल्या बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे राहिलेली शिकती मुले घर सांभाळतात, धाकट्यांना सांभाळतात आणि जमेल ते काम करतात. अशा मुलामुलींनी या पदवीचा अर्ज कसा करावा, कोणत्या क्रमाने करावा, आणि नोकरी कोठपर्यंत धरावी व केव्हा सोडावी, एवढेच आज सांगावयाचे आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगावी लागेल, कारण त्या चुकीने त्या मुलीचे एक वर्ष गेले.

आधी ही पदवी म्हणजे काय ते पाहू. परिचर्येचे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथील स्त्रिया, त्यांत अनेक विधवा, ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकावयास जाऊ लागल्या, तेव्हा लोकांनी नावे ठेवली. पुढे त्याच लोकांच्या घरची माणसे त्यांच्या हाताखाली बरी होऊन घरी परतली. परंतु परिचर्येची विद्यापीठीय पदवी आपल्या देशात आली ती १९४६ साली, दिल्ली आणि वेल्लोर या दोन ठिकाणी. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली सुरू झाले. आता राज्यातील बहुतेक परिचर्या महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. बी.एस्सी. नर्सिंगचा हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्याची आठ सत्रे असतात.

त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. त्यांत खुल्या वर्गाला एकूण ४५ टक्के आणि राखीव वर्गांना ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. परंतु ही झाली दाराबाहेर उभे राहण्याची पात्रता. आत जाण्यासाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो त्याची, स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. नर्सिंगसाठी ही परीक्षा २०२२ पासून होऊ लागली. शासकीय महाविद्यालयांत शुल्क कमी आणि शेजारीच मोठे रुग्णालय. साहजिकच तेथील थोड्या जागांसाठी मोठी चढाओढ असते. परीक्षेत दोन-चार गुण कमी पडले तर घराजवळचे महाविद्यालय जाऊन दूरचे मिळते, किंवा शासकीय जाऊन खासगी मिळते.

आता नोकरीचा प्रश्न. पुष्कळ मुले विचारतात, "सर, नोकरी करत करत ही डिग्री होईल का?" याचे सरळ उत्तर द्यावयास हवे. होणार नाही. हा अभ्यासक्रम आठवड्याला ४० तासांचा आखलेला आहे. वर्गातील तासांना आणि रुग्णालयातील कामाला ८० टक्के हजेरी लागते, आणि रुग्णालयातील प्रात्यक्षिकाचे तास तर पदवी हाती पडण्यापूर्वी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. सकाळची पाळी, दुपारची पाळी, वर रात्रीचा अभ्यास. यात दुसरी नोकरी बसत नाही. तेव्हा नोकरी सांभाळावयाची ती प्रवेश हाती येईपर्यंत. तेवढा काळ ती सांभाळता येते, आणि नीट सांभाळली तर पुढच्या चार वर्षांसाठी थोडी पुंजीही जमते. प्रश्न फक्त वर्षाची आखणी करण्याचा आहे.

ही आखणी आपल्याकडे कोयत्याच्या वर्षाप्रमाणे करावी असे मी आता सांगतो. सीईटीच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर स्वतः पाहाव्यात, शेजाऱ्याच्या सांगण्यावर राहू नये. तथापि ढोबळ क्रम असा असतो: फॉर्म हिवाळ्यात निघतो, परीक्षा उन्हाळ्यात होते आणि प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात चालतात. आता पाहा, फॉर्म निघतो तेव्हा आई-वडील उसाच्या फडात असतात. वडिलांची सही हवी, वडिलांचा दाखला हवा, आजोबांच्या शाळेतला उतारा हवा, की मुलगी अडली. म्हणून ज्या कागदांना वडीलधाऱ्यांचा हात लागतो ते सगळे दसऱ्यापूर्वी काढून ठेवावेत.

कोणते कागद? दहावीचे आणि बारावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला (ज्याला आपण डोमिसाइल म्हणतो), आधार, आणि राखीव वर्गातून अर्ज करावयाचा असेल तर जातीचे प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र. शिवाय बारावीनंतर एखादे-दोन वर्षे शिक्षण थांबले असेल तर त्या खंडाचे शपथपत्र, म्हणजे बोलीतले गॅप अ‍ॅफिडेव्हिट. काम करणाऱ्या मुलांना हे हमखास लागते आणि हमखास त्यांच्या ध्यानात नसते.

या यादीत सर्वांत वेळ खाणारा कागद जात वैधतेचा. जातीचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. ते खरे आहे की नाही हे जिल्ह्याची पडताळणी समिती पाहते. त्यासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतील निर्गम उतारा, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा जुना कागद. आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुनी नोंद कधी उर्दूत निघते, कधी मोडीत. ती वाचून घेणे आणि तिचे भाषांतर करून घेणे यात महिना सहज जातो. वडिलांच्या बाजूच्या एखाद्या सख्ख्या नातलगाला, चुलत्याला किंवा आत्याला, पूर्वीच वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत जोडावी. काम पुष्कळ हलके होते. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांनी तर कॉलेजमध्ये असतानाच कॉलेजमार्फत हा अर्ज करून मोकळे व्हावे.

एक गोष्ट आणखी. सगळे कागद एका रांगेत मांडावेत आणि त्यांवरचे नाव अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. आधारवर एक स्पेलिंग, गुणपत्रकावर दुसरे. एका कागदावर आईचे माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. खिडकीपलीकडच्या माणसाला ती दोन माणसे वाटतात. ही दुरुस्ती सवडीने होते, घाईने होत नाही.

दाखल्याचा अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात दिला की पावती मागून घ्यावी. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे याचा फलक कचेरीत लावलेला असतो, आणि मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. ज्याच्याजवळ पावती आहे त्यालाच हे बोलता येते. रोजचा पगार बुडवून जो माणूस कचेरीत येतो त्याला चार हेलपाटे परवडत नाहीत. त्याने तर हा फलक आधी वाचावा.

आता माझी चूक सांगतो. त्या रविवारी मी त्या मुलीला म्हणालो, "तू अभ्यासाला लाग. फाइल माझ्याकडे आण, मी बघतो." तिने फाइल आणली. मी चाळली. शिक्के होते, सह्या होत्या, नॉन-क्रिमिलेअरचे प्रमाणपत्रही होते. "सगळं आहे," म्हणून मी ती परत दिली. मुलीने हिवाळाभर अभ्यास केला, परीक्षा दिली, बरे गुण मिळविले. जुलैत कागदपत्रांची तपासणी आली तेव्हा कळले की नॉन-क्रिमिलेअरची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेली आहे. मी दसऱ्याच्या आधी पाहिले तेव्हा ते चालू होते, प्रवेशाच्या दिवशी ते चालत नव्हते. मुदतीची ओळ प्रमाणपत्राच्या तळाशी स्पष्ट छापलेली होती. मी वर्गात मुलांना सांगत असतो की उतारा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मी मात्र वाचली नव्हती. नवीन प्रमाणपत्रासाठी ती आणि तिचे अण्णा धावले. पण ते हाती येईपर्यंत फेरी संपून गेली. राखीव जागेचा हक्क गेला आणि खुल्या यादीत तिचा क्रमांक शासकीय महाविद्यालयापर्यंत पोचला नाही. ती मला एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नवाच्या गाडीने कामावर गेली.

तेव्हापासून मी कागदांचे दोन गठ्ठे करावयास सांगतो. एक कायमच्या कागदांचा: गुणपत्रके, शाळेचा दाखला, डोमिसाइल, जात, वैधता. हा गठ्ठा दसऱ्यापूर्वी बांधावा. दुसरा मुदतीच्या कागदांचा: उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे, म्हणजे ईडब्ल्यूएसचे, प्रमाणपत्र. हे कागद आर्थिक वर्षाशी बांधलेले असतात. ३१ मार्च ओलांडला की त्यांचे वय संपते. ते एप्रिल लागल्यावर, मुदतीची ओळ वाचून, नव्याने काढावेत. सुदैवाने त्याच सुमारास कारखाने बंद होतात आणि कोयते गावी परततात. पाडवा झाला, माय-अण्णा घरी आले, की पहिल्या आठवड्यात तहसीलचे काम उरकून घ्यावे. लग्नसराई आणि पेरणी त्यानंतर. नॉन-क्रिमिलेअरची मुदत तीन वर्षांपर्यंतही मिळू शकते, तेव्हा मागील तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे बरोबर न्यावेत.

कागद झाले, आता अभ्यास. परीक्षा संगणकावर होते. शंभर प्रश्न, शंभर गुण आणि नव्वद मिनिटे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, असे प्रत्येकी वीस प्रश्न. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. या साध्या माहितीतून काम करणाऱ्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी घ्याव्यात.

पहिली अशी की एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. बोर्डाच्या परीक्षेची सवय पानभर उत्तर लिहिण्याची असते. येथे पटकन ओळखण्याची सवय लागते. म्हणून रोज थोडे, पण घड्याळ लावून सोडवावे. दुसरी अशी की शंभरातले चाळीस गुण विज्ञानाबाहेरचे आहेत. आमची मुले रात्र रात्र भौतिकशास्त्रात घालवितात आणि इंग्रजीचे वीस गुण देवावर सोडतात. कामामुळे ज्याला दिवसाला दोनच तास मिळतात त्याने एवढी उदारता दाखवू नये. तिसरी अशी की एकही प्रश्न कोरा ठेवू नये. शेवटची दोन मिनिटे राखून उरलेल्या सर्व प्रश्नांना काही ना काही उत्तर द्यावे.

वेळ कोठून आणावा? त्या मुलीने तो जसा काढला तसे सांगतो. मांजरसुंब्याहून बीडला जावयास गाडीला अर्धा तास लागतो. जाताना ती जीवशास्त्राचे एक प्रकरण वाचीत असे. येताना अंधार असे आणि पालीच्या घाटात वाचवत नसे, म्हणून सकाळी वाचलेले मनात उजळीत येई. दवाखान्यात दुपारी गर्दी ओसरली की अर्धा तास रसायनशास्त्राचे प्रश्न. रात्री जेवणानंतर धाकटा भाऊ झोपला की एक तास भौतिकशास्त्राची गणिते, कारण त्यांना वही-पेन लागते आणि शांतता लागते. रविवारी सकाळी नव्वद मिनिटे घड्याळ लावून पूर्ण परीक्षा. अशा रीतीने आठवड्याला पंधरा-सोळा तास मिळाले. शिकवणी लावलेल्या मुलांना याहून पुष्कळ मिळतात हे खरे. पण वर्षभर न चुकता मिळालेले पंधरा तासही थोडे नसतात.

इंग्रजी ती कोठे शिकली हेही सांगण्यासारखे आहे. केसपेपरवर डॉक्टर जे लिहीत त्यातला न समजलेला शब्द ती हातावर लिहून आणी आणि रात्री कोशात पाही. पुढे नर्सिंगचे सारे शिक्षण इंग्रजीतच असते, त्यामुळे ही कमाई दोनदा उपयोगी पडली. आणि कलचाचणीत रोग्याशी कसे वागावे, गोंधळात आधी कोणते काम हाती घ्यावे, अशा स्वरूपाचे जे विचारतात, त्याचे धडे तर खिडकीसमोरच्या रांगेत तिला रोज मिळत होते. पुस्तकातल्या मुलाला ते पाठ करावे लागते.

मालकाशी कसे वागावे? सरळ. नोकरी देणाऱ्याला आपला बेत कळू नये म्हणून मुले लपवाछपवी करतात, मग परीक्षेच्या दिवशी आजीला आजारी पाडतात. त्यापेक्षा चार महिने आधी सांगावे की अमुक सुमारास परीक्षेची एक सुट्टी आणि पावसाळ्यात तपासणी व प्रवेशासाठी तीन-चार दिवस लागतील; त्याबदल्यात दिवाळीची पाळी मी करीन. बहुतेक माणसे ऐकतात. अनुभवाचे पत्र द्यावयाचे असेल तर आनंदाने देतात. मूळ कागद मात्र नोकरीच्या ठिकाणी कधीही ठेवून देऊ नयेत. पाहावयास द्यावेत आणि परत घ्यावेत.

पावसाळ्यातल्या फेऱ्या हा शेवटचा, आणि कामकऱ्याला सर्वांत अडचणीचा भाग. यादी लागते, मोबाइलवर निरोप येतो, आणि दिलेल्या दोन-चार दिवसांत मूळ कागद व शुल्क घेऊन त्या महाविद्यालयात हजर व्हावे लागते. तुम्ही पाळीवर असाल आणि निरोप संध्याकाळी पाहाल तर एक दिवस गेलाच. म्हणून फेऱ्यांच्या काळात रोज सकाळी यादी पाहण्याचा नेम ठेवावा. पसंतीक्रम भरताना खरोखर जाणार असाल तीच महाविद्यालये, ज्या क्रमाने हवीत त्याच क्रमाने लिहावीत. जागा स्वीकारली, नाकारली किंवा पुढच्या फेरीसाठी थांबलो तर काय होते याचे नियम माहितीपुस्तिकेत असतात. ती पुस्तिका एकदा घरातल्या दोघांनी मिळून मोठ्याने वाचावी. एकाच्या नजरेतून सुटते ते दुसऱ्याला दिसते, हे मी अनुभवाने सांगतो.

पैशाचेही आधीच बोलून ठेवावे. ज्या मुलींच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती व शुल्कमाफी पूर्वीपासून आहे. परंतु या सवलती केंद्रीय प्रवेशफेरीतून मिळालेल्या जागेला लागतात. संस्थेच्या कोट्यातून थेट घेतलेल्या जागेला त्यांचा आधार मिळत नाही. कोणी एजंट 'फेऱ्या कशाला, थेट ॲडमिशन करून देतो' म्हणाला तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडावा. आणि शुल्क माफ झाले तरी वसतिगृह, खानावळ, गणवेश, पुस्तके यांचा खर्च राहतोच, शिवाय शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात. निदान सहा महिन्यांचा खानावळीचा खर्च नोकरीच्या काळात बाजूला टाकावा. नोकरीचा खरा उपयोग येथे होतो.

आता ज्यांच्या घरी चार वर्षे पगाराशिवाय काढणे शक्यच नाही त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. त्याला बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी मात्र हवे. तोही पूर्ण वेळचाच, पण एक वर्षाने लहान. तो पूर्ण झाला, परिचर्या परिषदेत नोंदणी झाली, की परिचारिका म्हणून नोकरी मिळते. आणि त्यानंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी हाती येते. शासकीय सेवेतील परिचारिकांना त्यासाठी प्रतिनियुक्तीवर पाठविण्याची सोयही असते. ही वाट लांबची आहे. एकूण वर्षे अधिक लागतात. पण मध्ये कमाई होते, आणि पुष्कळ घरांना तेच हवे असते. यात कमीपणा मानू नये.

कमीपणा आहे तो नकली वाटेत. तालुक्याच्या गावी भिंतीवर पाट्या दिसतात: 'एक वर्षात नर्स व्हा.' अशा ठिकाणी पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. या संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय? आणि येथून उत्तीर्ण झाल्यावर माझी परिचारिका म्हणून नोंदणी होईल काय? उत्तर गोलमाल आले तर तेथून परत फिरावे. नोंदणी नसलेल्या प्रमाणपत्रावर दवाखान्यात मदतनीस म्हणून काम मिळेल कदाचित, पण परिचारिका म्हणून कोठेच उभे राहता येत नाही. आणि गेलेले वर्ष व पैसे कोणी परत देत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असेही कोणी विचारील. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या बायकांपैकी कितीजणींना, शस्त्रक्रियेपूर्वी, 'थांब, आणखी एका डॉक्टरला दाखवू,' असे आपल्या बोलीत सांगणारे जाणते माणूस भेटले असेल? आता गावोगावच्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी असतात, आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना त्या पदासाठी अर्ज करता येतो. फडातून आलेल्या बाईची कंबर का दुखते, ती दवाखान्यात का जात नाही, सुट्टी घेतली तर मुकादम किती पैसे कापतो, हे जिला घरातून ठाऊक आहे अशी परिचारिका त्या खुर्चीवर बसणे हे सर्वांच्याच हिताचे आहे.

ती मुलगी दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसली. कायमचा गठ्ठा दसऱ्यापूर्वी बांधून झाला होता. पाडव्यानंतर तिचे अण्णा गावी आले, आणि त्याच आठवड्यात दोघे तहसीलला जाऊन नॉन-क्रिमिलेअरचा अर्ज देऊन आले. प्रमाणपत्र मिळाल्यावर ती ते घेऊन माझ्या घरी आली आणि म्हणाली, "सर, तळची ओळ वाचा." मी चष्मा लावून, बोट ठेवून, मोठ्याने वाचली. मग तिने ते फाइलमध्ये घातले.

आज ती शासकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीला आली की चौकात भेटते. तिच्या जागी त्या खिडकीवर आता दुसरी मुलगी बसते, तीही आपल्याच भागातली, आणि तीही अर्जाच्या तयारीत आहे. तिच्या फाइलवर या मुलीने दोन चिठ्ठ्या डकवून दिल्या आहेत. एकीवर लिहिले आहे 'दसरा', दुसरीवर 'पाडवा'. वाचकहो, तुमच्या घरी किंवा शेजारी असा अर्ज करणारे कोणी असेल तर निदान ह्या दोन चिठ्ठ्या त्याच्या फाइलवर लावून द्या.